गेटबाहेरची पहिली

११ एप्रिल, गुरुवार

डावा हात मशीनला दिलेला असतो, उजवा मोकळा. डायलिसिसचे चार तास मोकळ्या हाताने करायचं काय, म्हणून ही वही. पलीकडच्या खाटेवरच्या बाई जप करतात. त्यांच्या पलीकडचे गृहस्थ मोबाइलवर मासे तळण्याचे व्हिडिओ बघतात. मला जपात गोडी नाही आणि मासे बघून भूक लागते, तेव्हा आपलं लिहिणं बरं.

आजची बातमी अशी की मनोहरची किडनी मला चालते. घरात सत्तावीस वर्षं मी नवऱ्याला 'अहो' म्हणते, पण वहीत नावानेच लिहिणार आहे, इथे कोण बघतंय. रक्तगट जुळला, पुढच्या तपासण्याही जुळल्या. लग्नाच्या वेळी पत्रिका जुळत नव्हती म्हणून माझ्या काकांनी केवढा घोळ घातला होता. आज ते असायला हवे होते.

ऑपरेशन जूनच्या अखेरीस. अट एकच आहे. किडनी देणाऱ्याने सिगरेट पूर्ण सोडायची, आणि दोन महिने तरी ती सुटलेली दिसली पाहिजे, नाहीतर भूल देताना त्याच्या छातीला धोका. मनोहर डॉक्टरांना म्हणाला, "आजपासून बंद." हे इतक्या सहज म्हणाला की मला आनंद व्हायच्या ऐवजी संशयच आला. मग त्याने विचारलं, देणाऱ्याला दवाखान्यात किती दिवस राहावं लागतं. उत्तर मिळालं. थोड्या वेळाने त्याने तेच पुन्हा विचारलं. माणूस कान देऊन ऐकत नाही, हे मी कधीपासून सांगते आहे.

तो कॉलेजपासून ओढतो. आमची आभा लहान असताना तिने नागपूरला माझ्या आईला फोनवर सांगितलं होतं, "आजी, बाबा सिगरेट खातात." आईने विचारलं, "कशाबरोबर गं?" बंगालीत सगळं खातातच. भात खातात, पाणी खातात, सिगरेटही खातात. पोरगी कोलकात्यात वाढलेली, तिने ते उचलून मराठीत आणलं. मी शाळेत हिंदी शिकवायचे, क्रियापद चुकलं की मला भातात खडा लागल्यासारखं होतं. तिला समोर बसवून शिकवलं, सिगरेट ओढतात, विडी फुंकतात, पान खातात, तंबाखू मळतात. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "आई, मग तू बाबांना नको करू असं का नाही सांगत?" सांगितलं होतं, पुष्कळदा.

२१ एप्रिल, रविवार

आभा न्यू टाउनला नोकरी करते आणि तिथेच मैत्रिणींबरोबर राहते. रविवारी जेवायला येते. आज येताना बाबांसाठी एक निळी कांडी घेऊन आली. त्याला व्हेप म्हणतात. ओढली की वाफ येते, त्या वाफेत निकोटिन असतं. आपल्याकडे हे विकायला बंदी आहे. मग मिळालं कुठून, असं विचारलं तर म्हणाली, "आई, ते तू विचारू नको." तिचं म्हणणं असं की बाबांना सवय आहे ती निकोटिनची. ते ह्यातून मिळेल, धूर छातीत जाणार नाही, आणि मग ह्याचंही हळूहळू कमी करता येईल. तिच्या ऑफिसातल्या दोघांनी म्हणे असंच सोडलं. हिशोब मला पटला. साखर बंद करायची तर आधी गुळावर यावं, तसं.

अडचण एवढीच की ह्याला क्रियापद नाही. ओढतात म्हणावं तर धूर नाही. फुंकतात म्हणावं तर जळत काही नाही. बराच विचार करून मी 'चोखतात' ठरवलं, कारण दिसतं तसंच. मनोहरला ते लागलं. म्हणाला, "चोखायला मी काय तान्हं बाळ आहे?" पण दिवसभर चोखत होता, टीव्हीसमोर, गॅलरीत, जेवण झाल्यावर, वर्तमानपत्र वाचताना. घराला पुदिन्याचा वास येतो आहे. पडद्यांना सिगरेटचा वास नाही असा दिवस ह्या घरात मी प्रथमच बघितला आणि मला फार बरं वाटलं.

२ मे, गुरुवार

उकाड्याने जीव नकोसा झाला आहे. बेहालाचं आमचं घर वरच्या मजल्यावर, दुपारी नळाचं पाणीही गरम येतं. मला दिवसाला पाऊण लिटर पाण्याची परवानगी. त्यात चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचे घोट, सगळं आलं. तहान लागली की बर्फाचा खडा तोंडात धरा असं इथे शिकवतात. धरते. जीभ गार होते आणि तहान होती तिथेच बसून राहते, न उठणाऱ्या पाहुण्यासारखी. काल दुपारी एक पेला पाणी प्यायले. एकच. घाम एवढा जातो, तो कोण मोजतं?

ते असो. मुख्य गोष्ट ही की मनोहर खोटं बोलतो आहे. परवा धुवायला टाकलेल्या शर्टाला वास होता, आणि तो पुदिन्याचा नव्हता. विचारलं तेव्हा आधी म्हणाला, डेपोबाहेरच्या चहाच्या दुकानात सगळेच ओढतात, त्यांचा बसतो. मी बघत राहिले, वर्गात बघायचे तशी. तेव्हा म्हणाला, "गेटबाहेरची पहिली. तेवढीच."

तो बजबजला तेलाच्या डेपोत मॅनेजर आहे. तिथल्या गेटवर काडेपेटी, लायटर, मोबाइल, सगळं जमा करून आत जायचं. आत पेट्रोलच्या टाक्या आहेत. इतकी वर्षं झाली, ड्यूटीवर असताना त्याने एक सिगरेट पेटवलेली नाही. म्हणाला, "आत असताना मला आठवणसुद्धा येत नाही गं. आत मी न ओढणारा माणूस असतो. गेटवर पहारेकरी काडेपेटी परत देतो, ती हातात पडली की घसा मागायला लागतो." मी म्हटलं, आता कुठे काडेपेटी आहे, आता ती कांडी जमा करता आणि कांडीच परत घेता. तर म्हणाला, तेच तर दुखणं आहे. कांडी हातात पडते आणि काहीच होत नाही. ती सुरू कधी होते आणि संपते कधी ते कळत नाही. सिगरेट कशी, पेटते आणि संपते. दिवस संपल्यासारखं वाटतं.

म्हणजे दिवसभर ह्याचा मनावर ताबा असतो आणि बायकोचा जीव ज्या एका सिगरेटीवर टांगलेला आहे तेवढी सोडता येत नाही. मी सरळ विचारलं, "ती जास्त की मी?" असं बोलायचं माझं वय राहिलेलं नाही हे मला कळतं. तो उठला आणि बँकेचे कागद काढून बसला. सगळ्या खात्यांवर माझं आणि आभाचं नाव लागलंय ना, ते बघत होता. बोलणं टाळायचं असलं की ह्या माणसाला नेमके कागद आठवतात.

६ मे, सोमवार

मशीनवर यायच्या आधी छातीच्या डॉक्टर सान्यालबाईंकडे गेलो. मनोहरने त्यांना सांगितलं, सिगरेट बंद आहे, फक्त ती वाफ घेतो. 'घेतो' म्हणाला, चहा घेतो तसं. बाईंनी हातात मावेल असं एक यंत्र दिलं, श्वास रोखायला लावला आणि मग त्यात फुंकायला सांगितलं. हिरवा दिवा लागायला हवा होता. लाल लागला.

बाई आवाज न चढवता म्हणाल्या की हे यंत्र ज्या वायूचं माप घेतं तो काहीतरी जळल्याशिवाय येत नाही, आणि तुमच्या कांडीत काही जळत नाही. मनोहर भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे बघत राहिला. एरवी चोरी पकडली की मला आनंद होतो, आज झाला नाही. ऑपरेशन जुलैअखेरीवर गेलं.

तो रक्त द्यायला गेल्यावर मी बाईंना विचारलं. कोणाला तरी विचारायचंच होतं. निकोटिन दोन्हीकडे तेच आहे, मग ह्यांचं कांडीवर का भागत नाही? ह्यांना जमत नाही, की ह्यांच्या मनातच नाही?

बाईंनी हिंदीत समजावलं. निकोटिन तेच, पण पोचवणारा वेगळा. तंबाखूचा धूर ते काही सेकंदांत मेंदूपर्यंत नेतो, एकदम आणि भरपूर. मेंदूला जे चटकन मिळतं त्याचीच चटक लागते. (चटकन आणि चटक हे माझं. हिंदीत तसं जमत नाही.) वाफेतून बहुतेकदा ते सावकाश जातं आणि कमी जातं. शिवाय तंबाखू जळते तेव्हा तिच्या धुरात निकोटिनखेरीज आणखीही द्रव्यं असतात. मेंदूत सुख उमटलं की ते पुसून टाकणारी एक यंत्रणा असते, तिला ही द्रव्यं थंड पाडतात. म्हणजे सुख लवकर येतं आणि उशिरा पुसलं जातं. कांडीत हा दुसरा भाग नाहीच. म्हणून तुमच्या मिस्टरांना निकोटिन मिळूनही उपाशी वाटतं. आणि वर ते गेट, तो चहा, ती काडी. इतक्या वर्षांत मेंदूने ते सगळं एकत्र बांधून ठेवलं आहे.

त्यांनी दंडावर लावायची निकोटिनची पट्टी आणि गोळ्या लिहून दिल्या. कांडी मात्र लिहून देणार नाही म्हणाल्या. तिचीही सवय लागतेच, आणि ज्यांनी आयुष्यात सिगरेट धरली नाही अशा मुलांना ती आता लागते आहे.

तंबाखूच्या पानाला इतकी अक्कल असते हे मला माहीत नव्हतं. पण म्हणून मनोहरचा दोष नाही असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. द्रव्यं मेंदूत असतील, पण चहाच्या दुकानापर्यंत पाय कोणाचे जातात?

७ मे, मंगळवार

बोललो नाही. वरणभात केला. त्याने दोनदा विचारलं, गोळ्या घेतल्यास का. घेतल्या होत्या.

१६ मे, गुरुवार

आज माझी शोभा झाली. इथे मशीनला लावायच्या आधी वजन करतात. मागच्या वेळेपासून किती वाढलं त्यावरून आपण पाणी किती प्यायलो ते कळतं. इथले तंत्रज्ञ मृणालबाबू माझ्याच वयाचे असतील, पण मला दिदी म्हणतात. काटा बघून म्हणाले, "दिदी, आबार जोल खेयेछेन?" पुन्हा पाणी 'खाल्लं' का म्हणून विचारत होते. मी म्हटलं, नाही हो, आमटी जरा पातळ झाली होती. मनोहर माझी पिशवी घेऊन शेजारीच उभा. मृणालबाबू त्याच्याकडे वळून म्हणाले, "दादा शिगारेट खाबेन, दिदी जोल खाबेन, आमि काके बोकबो?" दादा सिगरेट खाणार, दिदी पाणी खाणार, मी रागावू कोणाला?

आजूबाजूचे हसले. जपवाल्या बाईसुद्धा हसल्या. मला हसू येईना. सगळ्या वर्गाला क्रियापदं शिकवली, पण पाणी आणि सिगरेट एकाच क्रियापदात कोंबून कोणी माझ्यापुढे ठेवलं नव्हतं.

घरी परतताना गाडीत मनोहर एवढंच म्हणाला, "फ्रिजमधली बाटली रोज संध्याकाळी मीच भरतो."

म्हणजे त्याला माहीत होतं. मी शर्ट हुंगत होते आणि तो बाटली भरून ठेवत होता. मला इतका राग आला की घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. सांगायला काय झालं होतं त्याला? आणि तहान ही काही चैन नाही, तहान शरीराची गरज आहे, तिची बरोबरी तो सिगरेटीशी कशी करू शकतो? (त्याने केली नव्हती. मृणालबाबूंनी केली होती.) आता शांतपणे लिहिताना एवढं मात्र कबूल करते, की बर्फाच्या खड्यात पाणीच असतं आणि तरी त्याने भागत नाही. हे मला कोणी डॉक्टरने समजावून सांगायला नको.

३० मे, गुरुवार

दंडावर पट्टी लावून जातो. कांडी आभाला परत केली. रात्री झोपेत दचकतो, गोळ्यांनी विचित्र स्वप्नं पडतात म्हणतो. काल उठून विचारत होता की भूल दिल्यावर स्वप्नं पडतात का. मी म्हटलं, पडली तर सांगा.

चिडचिड इतकी की डाळीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं. माझ्यामुळे घरात मीठ कमीच पडतं, हे आज नवीन नाही. मग स्वतःच ते ताट ओढून जेवला आणि भांडी घासली. मला थकवा आला आहे, आजारापेक्षा ह्या पहाऱ्याचा. रोज तो दारातून आत येतो आणि मी आधी त्याच्या तोंडाकडे नाही, शर्टाकडे बघते.

१३ जून, गुरुवार

आज यंत्रात हिरवा दिवा लागला.

सान्यालबाई खूश झाल्या. मनोहरला एक्सरेला पाठवलं आणि दार लावून मला म्हणाल्या की हे यंत्र फार तर कालचं सांगतं, त्याच्या मागचं सांगत नाही. घरी तुम्ही असता. मे महिन्यात लाल दिवा लागला त्या दिवसापासून पूर्ण बंद आहे ना? तुम्ही हो म्हणा, मी सही करते, जुलैअखेरची तारीख पक्की.

मंगळवारी शर्टाला वास होता. बुधवारी त्याने रजा घेतली आणि दिवसभर घरात पडून राहिला. तेव्हा मला वाटलं होतं, माझ्या सोबतीला थांबला आहे.

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. मी काही साध्वी नाही. मला ऑपरेशन हवं आहे. ह्या सुया नको आहेत, ह्या हाताची ही फुगलेली शीर नको आहे, आणि मला पाणी हवं आहे. तांब्याभर, गटागट, कोणी न मोजता. जुलै म्हणजे महिना-दीड महिना. एक शब्द बोलायचा होता आणि तो शब्द खोटा आहे हे मनोहरखेरीज कोणाला कळलं नसतं.

मग मला तो ऑपरेशनच्या टेबलावर दिसला. माझ्या बाजूचा, हिरव्या चादरीखालचा, छाती वरखाली होणारा. मी म्हटलं, मंगळवारी ओढली आहे. हिंदीत म्हटलं, पण क्रियापद बरोबर वापरलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तुमचं स्वतःचं नुकसान करून घेतलंत. मी म्हटलं, दोघांचं होण्यापेक्षा बरं.

बाहेर बाकावर तो एक्सरेचं पाकीट घेऊन बसला होता. त्याला सांगितलं. मला वाटलं चिडेल, किंवा नाही म्हणेल. तो पाकिटावरचं स्वतःचं नाव वाचत राहिला. तेव्हा माझाच तोल गेला आणि मी म्हणाले, "तुमची किडनी घेऊन मला विधवा व्हायचं नाहीये." मोठ्याने म्हणाले असणार, कारण मराठी न कळणारी माणसंसुद्धा वळून बघायला लागली. त्याने लांब श्वास सोडला आणि पाकीट गुडघ्यावर सरळ केलं. मला त्याच्या चेहऱ्यावर लाज दिसेल असं वाटलं होतं. तो तर सुटल्यासारखा दिसत होता. सत्तावीस वर्षं झाली, ह्या माणसाचं मला अजून काही कळत नाही.

४ जुलै, गुरुवार

गेले काही दिवस तो गेटमधून चालत बाहेर येत नाही. कंपनीची जीप आतूनच पकडतो आणि थेट बेहालाला उतरतो. सान्यालबाईंची कल्पना. तारीख ऑगस्टची ठरली होती. शर्टाला वास नव्हता. मी हुंगायचं सोडलेलं नाही, पण आता थोडं कमी हुंगते.

आज इथे मशीनवर असताना तो डेपोतून सरळ आला. एरवी मला खाटेवर बसवलं की 'गाडी बघून येतो' म्हणून खाली जातो आणि शेवटच्या तासाला उगवतो. आज स्टूल ओढून बसला. बराच वेळ ट्यूबमधल्या माझ्या रक्ताकडे बघत होता. ते त्याला बघवत नाही, हे मला माहीत आहे.

मग म्हणाला, "आज जीप बंद पडली. चालत बाहेर आलो. एक ओढली." मी बघत राहिले. "तू वास घ्यायच्या आधी सांगतोय. सान्यालबाईंना येताना फोन केला. त्या म्हणाल्या, आजपासून पुन्हा मोजा. सप्टेंबर."

मशीन आपलं फिरत होतं. पलीकडे मासे तळले जात होते.

"आणखी एक," तो म्हणाला. "मला त्या टेबलाची भीती वाटते, श्यामल. पहिल्या दिवसापासून. सिगरेट सुटली की तारीख येणार, हे डोक्यात असतं. पेटवताना दर वेळी तोच विचार असतो असं नाही, बऱ्याचदा नुसती ओढायची असते म्हणूनच ओढतो. पण असतो." पन्नाशी उलटलेल्या माणसाचा आवाज इतका लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "किडनी द्यायची नाही असं नाही. द्यायचीच आहे. भीती वाटते एवढंच."

"मलाही वाटते," मी म्हटलं. खरंच वाटते. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

तो बसून राहिला. मृणालबाबू येऊन नळ्या बघून गेले. सप्टेंबर म्हणजे पुन्हा दोन महिने ह्या सुया, हा काटा, हा बर्फ. मला संतापायला हवं होतं आणि मी वाट बघत होते संताप येण्याची. आला नाही. उलट इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदा मला वाटलं, हे ऑपरेशन होणार.